पहिला तास वाया जाऊ नये : शाळेतील मायग्रेन आणि दंडावर लावायचे उपचारयंत्र

मराठवाड्यातल्या घरांत मुलांच्या अर्धशिशीला पहिली दोन-तीन वर्षे कोणी अर्धशिशी म्हणतच नाही. मूल दुपारी शाळेतून पांढऱ्याफटक चेहऱ्याने येते, खिडक्या लावून आडवे पडते, उलटी झाली की त्याला जरा हलके वाटते आणि घरातले म्हणतात, "पित्त झालंय." पुढच्या महिन्यात चष्म्याचा नंबर तपासून होतो, त्यानंतर कोणीतरी दृष्टही काढते. तोवर इकडे शाळेत "नेमकं गणिताच्या तासालाच हिचं डोकं कसं दुखतं" अशी बोलणी सुरू झालेली असतात. मी परभणी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि माझ्या मुलीला तेराव्या वर्षापासून मायग्रेन आहे. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना काय घडते, ते मी रोज पाहते.

गेली काही वर्षे दंडावर लावायचे एक उपचारयंत्र भारतातही मिळू लागले आहे. ते घेतलेल्या पालकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते : घरी उपयोग होतो, शाळेत होत नाही. याचे कारण यंत्रात शोधण्याची गरज नाही. अटॅक सुरू झाल्यापासून 60 मिनिटांच्या आत उपचार सुरू करायचा, अशी या यंत्राची सूचना आहे, आणि शाळेत तोच तास परवानगी मागण्यात, कुलपाची किल्ली शोधण्यात आणि चारचौघांत हात वर करायला लाजण्यात निघून जातो. हा तास मुलाच्या हाती कसा ठेवायचा, हे मला या लेखात सांगायचे आहे.

आधी निदान पक्के करावे

"अर्धशिशी" या नावानेच पुष्कळ गोंधळ होतो. मोठ्या माणसांचे डोके बऱ्याचदा एका बाजूने ठणकते, पण मुलांचे दोन्ही बाजूंनी, विशेषतः कपाळावर आणि कानशिलांवर दुखते. म्हणून "अर्धं डोकं नाही ना दुखत, मग अर्धशिशी नाही" हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. अठरा वर्षांखालील मुलांत अटॅक दोन तासांतही आटोपू शकतो आणि 72 तासांपर्यंतही चालू शकतो. चालण्याने किंवा जिना चढण्याने वाढणारे ठणकते दुखणे, मळमळ किंवा उलटी, आणि उजेड व आवाज सहन न होणे ही लक्षणे असलेले किमान पाच अटॅक येऊन गेले असतील, तर डॉक्टर मायग्रेनचा विचार करतात. मूल तोंडाने सांगत नसेल, तर त्याच्या वागण्याकडे पाहावे. ओढणी डोळ्यांवर घेऊन बाकावर डोके टेकवणारी आणि शेजारणीने डबा उघडला की तोंड फिरवणारी मुलगी न बोलता सगळे सांगत असते.

पहिली भेट बालरोगतज्ज्ञांची घ्यावी. ते गरजेनुसार मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवतात. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये ही आपल्या भागातली ठिकाणे आहेत. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक येते त्या दिवशी मुलाचे नाव आवर्जून पुढे करावे. तपासणीत डॉक्टरांनी डोळ्यांचा पडदा पाहिला आहे ना, हे विचारायला संकोचू नये, कारण मेंदूवर दाब वाढला असल्यास त्याची खूण तिथे दिसते. चेतासंस्थेची तपासणी सामान्य असेल आणि धोक्याची लक्षणे नसतील, तर प्रत्येक मुलाचा एमआरआय काढण्याची गरज नसते.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र यंत्राचा विचार बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा : क्षणार्धात उसळलेली, आजवर कधी न अनुभवलेली तीव्र वेदना, तापासोबत मान ताठरणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, बोलणे अडखळणे, हातापायाची शक्ती जाणे, तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, पहाटे झोपेतून उठवणारे दुखणे आणि त्यासोबत उलट्या, किंवा आठवड्यागणिक वाढतच जाणारा त्रास. ही यादी वर्गशिक्षकांकडेही असावी, कारण यांतले एखादे लक्षण त्यांच्यासमोरच उद्भवू शकते.

यंत्र नेमके काय करते

मी ज्या यंत्राबद्दल लिहिते आहे त्याचे नाव नेरिव्हिओ. ते इस्रायलच्या थेरानिका या कंपनीने विकसित केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2019 मध्ये प्रौढांसाठी, 2021 मध्ये 12 ते 17 वयाच्या मुलांसाठी आणि 2024 मध्ये 8 वर्षांपासून पुढे त्याला मान्यता दिली. अटॅक येऊ नये म्हणून नियमित वापरण्याची मान्यता 2023 मध्ये मिळाली. भारतात डॉ. रेड्डीज या कंपनीने ते 2023 मध्ये आणले. मायग्रेनसाठी कपाळावर लावायची आणि मानेवर धरायची यंत्रेही आहेत, परंतु दंडावरचे यंत्र बाहीखाली झाकले जाते आणि मुलाला ते लावून वर्गात बसता येते, म्हणून शाळेच्या दृष्टीने मला तेच सोयीचे वाटते.

दुखते डोके आणि यंत्र लावायचे दंडाला, हे ऐकून पालक बुचकळ्यात पडतात. शरीराच्या एका भागातून वेदनावाहक तंतूंमार्फत जोरकस संदेश गेला की मेंदूच्या तळाकडील भागात वेदना आवरणारी एक यंत्रणा जागी होते आणि ती शरीरात इतरत्र चाललेल्या वेदनेलाही लगाम घालते. हे यंत्र दंडातील त्या तंतूंना सौम्य विद्युतस्पंद देऊन ही यंत्रणा जागी करते. जोर इतकाच ठेवायचा की स्पष्ट जाणवावे पण दुखू नये. एक उपचार 45 मिनिटांचा असतो आणि तो फोनमधल्या ॲपवरून ब्लूटूथने चालतो.

गुण किती येतो, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. प्रौढांवरील ज्या अभ्यासात निम्म्या लोकांना खोटा उपचार दिला होता, त्यात दोन तासांनी वेदना कमी झालेल्यांचे प्रमाण खऱ्या यंत्राच्या गटात सुमारे 67 टक्के आणि खोट्या यंत्राच्या गटात सुमारे 39 टक्के होते. किशोरवयीन मुलांवरील ज्या अभ्यासाच्या आधारे मान्यता मिळाली त्यात 71 टक्के मुलांची वेदना दोन तासांत कमी झाली आणि 35 टक्के मुलांची पूर्ण थांबली, मात्र तो अभ्यास लहान होता आणि त्यात तुलनेचा गट नव्हता. म्हणजे काही अटॅक यंत्र लावूनही आटोक्यात येणार नाहीत, हे धरूनच शाळेची योजना आखावी लागते. तरीही मला ते मोलाचे वाटते, कारण गोळ्यांना मर्यादा आहे. साधी वेदनाशामके महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (खास मायग्रेनसाठीची औषधे) किंवा मिश्र गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या गेल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. आपल्याकडे किराणा दुकानातून डोकेदुखीची गोळी आणून देण्याची जी सवय आहे, तिच्यामुळे ही मर्यादा कधी ओलांडली गेली ते घरच्यांना कळतही नाही. त्यातल्या कित्येक गोळ्यांत ॲस्पिरिन असते आणि ते मुलांना डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कधीच देऊ नये.

पेसमेकरसारखे विद्युत उपकरण शरीरात बसवलेले असेल, फिट्सचा आजार आटोक्यात नसेल किंवा हृदयाचा गंभीर विकार असेल, तर हे यंत्र वापरायचे नाही. ज्या दंडावर जखम, पुरळ किंवा संवेदना कमी असलेली त्वचा आहे, त्या दंडावरही ते लावू नये. खरेदी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी आणि पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : एका यंत्रात एकूण किती उपचार होतात, आणि घरातला फोन ॲपला चालतो का. महिन्याला दोन-तीनच अटॅक येत असतील आणि ते वेळेवर घेतलेल्या एका गोळीने थांबत असतील, तर हा खर्च करण्याची घाई मी कोणालाही करायला सांगणार नाही.

घरी सराव झाल्याशिवाय यंत्र शाळेत नेऊ नये

पहिला उपचार घरी, निवांतपणे, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावा. यंत्राच्या आतल्या बाजूला चिकट जेलचे दोन पट्टे असतात आणि त्यांवर एक संरक्षक पापुद्रा असतो. तो काढून यंत्र खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला टेकवायचे, त्यावरून पट्टा आवळायचा, बटण दाबायचे आणि ॲपमधून उपचार सुरू करायचा. वाचायला हे सोपे आहे. आमच्याकडे पहिल्या दोन वेळा यंत्राने नीट पकडच घेतली नाही आणि त्याचे कारण आम्हाला तिसऱ्या वेळी उमगले : आंघोळीनंतर हातापायांना खोबरेल तेल लावण्याची आमच्या घरची जुनी पद्धत. तेल, मलम आणि घाम हे या जेलचे शत्रू आहेत. एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात बसलेल्या मुलाचा दंड कोरडा कधीच नसतो, म्हणून ओल्या रुमालाने पुसून, मग कोरड्या कापडाने टिपून, अर्धा मिनिट हवा लागू देऊन यंत्र लावायची सवय घरीच अंगवळणी पाडावी. उपचार संपल्यावर पापुद्रा परत बसवायला विसरले की जेल सुकते आणि त्यावर धूळ बसते.

दुसरा सराव जोर ठरवण्याचा. मुंग्या आल्यासारखे, थरथरल्यासारखे वाटते. मुले एकतर घाबरून जोर अगदी कमी ठेवतात, किंवा लवकर बरे वाटावे म्हणून दात-ओठ खात वाढवत नेतात. कमी ठेवला तर उपयोग होत नाही आणि दुखेल इतका वाढवायचा नसतो. सवय झाली की काही मिनिटांनी संवेदना बोथट वाटते, तेव्हा तो पुन्हा थोडा वाढवावा लागतो. मुलाला सोसवणारा आकडा दोन-तीन उपचारांत लक्षात येतो. तो अटॅकच्या नोंदी ठेवायच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, म्हणजे शाळेत डोके ठणकत असताना विचार करत बसावे लागत नाही.

मुलींच्या बाबतीत गणवेशाकडे आधीच लक्ष द्यावे. सलवार-कमीजची बाही तंग असेल तर ती दंडापर्यंत सरकत नाही आणि वर्गात ते करणे मुलीला शक्यही नसते. शिंप्याकडून बाही दोन बोटे सैल करून घेतली की यंत्र आत बसते आणि कोणाला दिसतही नाही. हे साधे काम राहून गेल्यामुळे यंत्र दप्तरातच पडून राहिल्याचे मी पाहिले आहे.

शाळेशी बोलणी

बोलणी जूनमध्ये, शाळा उघडल्याच्या पहिल्या पंधरवड्यात करावीत. अटॅक आलेल्या दिवशी रागाच्या भरात जाऊन केलेली बोलणी टिकत नाहीत. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक दोघे एकत्र असताना भेटावे, यंत्र सोबत न्यावे आणि शक्य असेल तर त्यांच्याच दंडावर दोन मिनिटे लावून दाखवावे. आमच्या सरांनी स्वतः अनुभव घेतल्यावर "एवढंच होय" म्हणत जी मोकळीक दिली, ती कागदपत्रांनी मिळाली नसती.

खरी अडचण मोबाइलची असते. शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, पण हे यंत्र फोनशिवाय सुरू होत नाही. पहिल्या वर्षी आम्ही फोन कार्यालयातल्या कपाटात ठेवण्याचे मान्य केले. श्रावणातल्या एका शनिवारी माझ्या मुलीला शाळेत अटॅक आला. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते त्या दिवशी रजेवर होते. किल्ली येईपर्यंत एक तास वीस मिनिटे गेली आणि तोवर ती कार्यालयाच्या पायरीवर बसून पिशवीत उलट्या करत होती. कोणीही दुष्टपणाने वागले नव्हते. व्यवस्थाच अशी केली होती की एक माणूस नसला की ती कोसळावी.

त्यानंतर आम्ही जे ठरवले ते आजवर टिकले आहे. घरातला जुना फोन सिम काढून घेतला, त्यात ॲपखेरीज काहीही ठेवले नाही आणि लॉगिन घरीच करून ठेवले. हा फोन आणि यंत्र एका चेनच्या कापडी पिशवीत असते आणि ती पिशवी मुलीच्याच दप्तरात राहते. पिशवीवर मुख्याध्यापकांची सही असलेली परवानगीची चिठ्ठी चिकटवलेली आहे. उपचार सुरू झाला की फोन शिक्षकांच्या टेबलावर पालथा ठेवायचा. त्या अंतरावर ब्लूटूथ चालते आणि मूल फोनशी खेळत नाही हे सगळ्यांना दिसते. जुना फोन ॲपला चालतो का हे घरी आधी तपासावे, आणि भारनियमनाच्या दिवसांत फोन रात्रीच चार्जिंगला लावावा, सकाळवर ठेवू नये.

डॉक्टरांकडून एक पत्र घ्यावे. ते लांब नसावे. त्यात निदान, यंत्राचे नाव, "डोके दुखू लागताच, परवानगीची वाट न पाहता, 45 मिनिटे" हा उपचाराचा स्पष्ट उल्लेख, सोबत द्यायच्या गोळीचे नाव व मात्रा, आणि धोक्याची लक्षणे एवढे असले की पुरे. पालकांचा अर्ज साधारण असा लिहिता येईल :

"माझी मुलगी इयत्ता नववी ब मध्ये शिकत असून तिला मायग्रेनचा आजार आहे. सोबत डॉक्टरांचे पत्र जोडले आहे. अटॅक सुरू होताच तिला दंडावर उपचारयंत्र लावावे लागते व त्यासाठी सिम नसलेला फोन सोबत बाळगावा लागतो. कृपया तिला (1) यंत्र व फोन दप्तरात ठेवण्याची, (2) कोणत्याही तासाला शिक्षकांना खूण करून यंत्र लावण्याची, (3) गरज पडल्यास 45 मिनिटे शांत व कमी उजेडाच्या जागी बसण्याची, आणि (4) पाणी पिण्याची व प्रसाधनगृहात जाण्याची मुभा द्यावी. फोनचा अन्य वापर झाल्यास त्याची जबाबदारी आमची राहील."

या अर्जाची एक प्रत आवक क्रमांक घालून स्वतःकडे ठेवावी, कारण मुख्याध्यापक बदलले की तोंडी परवानगीही त्यांच्यासोबत जाते. दुसऱ्या मुद्द्यातल्या खुणेला मी फार महत्त्व देते. अटॅकमध्ये मुलाला बोलणे नको असते आणि भर वर्गात "मॅडम, डोकं दुखायलंय" म्हणताना मागच्या बाकावरून हसू आले, तर ते मूल पुढच्या वेळी गप्प बसते. आम्ही बाकाच्या कोपऱ्यावर लाल टोपणाचा पेन आडवा ठेवण्याची खूण ठरवली आहे. सगळ्या विषयशिक्षकांना ती ठाऊक आहे आणि शिक्षकांनी फक्त मान हलवायची असते.

अटॅक येतो त्या वेळी

पहिली चाहूल मुलाला ओळखता आली पाहिजे. कोणाला जांभया येतात, कोणाची मान अवघडते, कोणाला फळ्यावरच्या अक्षरांभोवती चमचमणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात. चाहूल लागली की "थोडं थांबून बघू" असे करू नये. पेन आडवा ठेवावा, दंड पुसावा, यंत्र लावावे, उपचार सुरू करावा आणि घड्याळात वेळ पाहून वहीत लिहावी. या सगळ्याला तीन-चार मिनिटे लागतात. त्यानंतर पाण्याचे मोठे घोट घ्यावेत आणि पोट रिकामे असेल तर दोन बिस्किटे, राजगिऱ्याचा लाडू किंवा शेंगदाणा चिक्कीचा तुकडा खावा.

उजेड सोसत असेल तर मूल वर्गातच बसलेले चांगले. आपली तासिका 35-40 मिनिटांची असते, म्हणजे उपचार एका तासिकेपेक्षा थोडा जास्त चालतो. त्या वेळात ऐकणे जमते, लिहिणे जमले नाही तर शेजारच्या मुलाची वही नंतर मिळू शकते. उजेड सोसत नसेल तर ग्रंथालयाचा किंवा प्रयोगशाळेचा कोपरा, खिडकीकडे पाठ करून बसायला खुर्ची आणि डोळ्यांवर ओढणी किंवा रुमाल एवढे पुरते. एकटे मात्र सोडू नये, हाकेच्या अंतरावर कोणीतरी असावे. यंत्र चालू असताना सायकल चालवू नये आणि मैदानावरच्या कवायतीला तर जाऊच नये.

गोळीबद्दलचा निर्णय डॉक्टरांच्या पत्रात आधीच लिहिलेला असावा. काही डॉक्टर आधी यंत्र आणि गरज पडली तरच गोळी सांगतात, तर काही जोराच्या अटॅकला दोन्ही एकदम सांगतात, आणि यंत्रासोबत गोळी घेता येते. आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाची मात्रा मुलांत वजनावरून, साधारणतः किलोमागे 10 मिलिग्रॅम अशी ठरते आणि ते उपाशी पोटी देऊ नये. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू असतो, त्यामुळे अंगात ताप असेल तर आयब्युप्रोफेन न देता मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.

उपचार सुरू केल्यापासून दोन तासांनी "आता किती दुखतंय" हे शून्य (अजिबात नाही) ते तीन (जोरात) यांपैकी एका आकड्यात विचारून वहीत लिहावे. शून्य किंवा एक असेल तर दिवस पुढे चालू ठेवावा. दोन किंवा तीन असेल, किंवा उलट्या थांबत नसतील, तर पालकांना बोलावून घरी पाठवावे. बसने येणाऱ्या मुलाला एकटे पाठवू नये. दुपारच्या एसटीतला उन्हाचा प्रवास आणि डिझेलचा वास यांनी बरे होत आलेले डोके परत उठते.

अटॅक येण्याआधीचे दिवस

ज्यांना आठवड्यातून एकदा किंवा त्याहून अधिक त्रास होतो, त्यांना डॉक्टर एक दिवसाआड 45 मिनिटे प्रतिबंधक उपचार सुचवू शकतात. तो घरीच, संध्याकाळी अभ्यासाला बसताना करावा. प्रौढांवरील एका अभ्यासात अशा वापराने महिन्यातले मायग्रेनचे दिवस सरासरी 4 ने कमी झाले, तर खोट्या यंत्राच्या गटात 1.3 ने. मुलांसाठीच्या रोजच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल एक गोष्ट पालकांना ठाऊक असावी : 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात 8 ते 17 वयाच्या मुलांत ॲमिट्रिप्टिलीन आणि टोपिरामेट ही दोन्ही औषधे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. याचा अर्थ डॉक्टरांनी दिलेले औषध आपल्या मनाने बंद करावे असा नव्हे, पण झोप, जेवण आणि पाणी यांना औषधाइतकेच गांभीर्याने घ्यावे असा निश्चित आहे.

त्यात जेवणाचा मुद्दा नववी-दहावीच्या मुलांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. नववीत गेल्यावर ती खिचडी बंद होते आणि सकाळी सातला चहा-पोळी खाऊन निघालेले मूल दुपारपर्यंत तसेच राहते. आठवीपर्यंत ठीक असलेले मूल नववीत वरचेवर आजारी पडू लागले, तर आधी डब्याची चौकशी करावी. उपासाच्या दिवशी मुलाला निर्जळी किंवा एकभुक्त राहू देऊ नये, हे घरातल्या आजीला डॉक्टरांकडूनच सांगवावे. आईचे ऐकले जाईलच असे नाही. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की झोप दीड-दोन तासांनी तुटते आणि पाराही चाळिशी ओलांडतो, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये रात्री झोपण्याची वेळ सक्तीने अलीकडे आणावी. मुलींच्या वहीत पाळीच्या तारखा लिहाव्यात. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत अटॅक येण्याची शक्यता वाढते, आणि तो काळ आधी कळला की त्या दिवसांत पिशवी विसरून चालत नाही हे मुलीच्याच लक्षात राहते.

परीक्षेचे दिवस

शाळेच्या घटक चाचणीत किंवा सहामाहीत यंत्र लावून पेपर लिहिता येतो, फोन पर्यवेक्षकांच्या टेबलावर ठेवला की झाले. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत मात्र हे गृहीत धरू नये. परीक्षा दालनात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक साधनांना मनाई असते आणि केंद्र बहुधा दुसऱ्याच शाळेत असते. म्हणून काही विशेष सवलत मागायची असेल तर डॉक्टरांच्या कागदपत्रांसह मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करावा, आणि तो दिवाळीनंतर लगेच करावा. फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग होत नाही.

अर्जाचे उत्तर काहीही आले तरी घरची तयारी वेगळी ठेवावी. परीक्षेच्या आधीचे तीन-चार आठवडे प्रतिबंधक उपचार न चुकवता व्हावा. पेपर अकराचा असेल तर त्या दिवशी सहाला उठवून पोटभर नाश्ता द्यावा. तोवर चाहूल लागली तर यंत्र नऊच्या आत लावावे, म्हणजे उपचार पावणेदहापर्यंत संपतो आणि दालनात शिरण्याआधी पिशवी पालकांकडे देता येते. पालकांपैकी एकाने पेपर संपेपर्यंत केंद्राबाहेर झाडाखाली थांबावे, पिशवी जवळ ठेवावी आणि फोन चार्ज आहे ना हे पाहावे. मूल तीन तास डोळे ताणून बाहेर येते तेव्हाच पुष्कळदा डोके उठते, आणि तिथल्या तिथे, रिक्षात बसण्याआधी, दंड पुसून यंत्र लावता येते.